नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, सहा वर्षांत नाक पुन्हा बंद

घाटवाट | ८ जून, रात्री ११.४०

नमस्कार. एरवी मी भटकंतीच्या विभागात पडीक असतो, आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

२०१९ च्या दिवाळीनंतर माझं सेप्टोप्लास्टीचं ऑपरेशन झालं. घरच्यांच्या भाषेत, 'नाकाचं हाड वाढलं होतं, ते काढलं'. नववीत सीझन बॉल नाकावर घेतला होता, त्याची ही व्याजासकट वसुली. ऑपरेशनपेक्षा नंतरचे दोन दिवस वाईट गेले. नाकात ठासून बोळे, घास गिळला की कानात दडे, तोंडाने श्वास घेऊन घेऊन जीभ लाकडासारखी. पण बोळे निघाल्यावर जो पहिला श्वास आत गेला ना! गार हवा थेट टाळूला लागली. बायकोला म्हटलं, तुम्ही सगळे रोज असाच श्वास घेता? आणि मला कुणी बोलला नाहीत?

दीडेक वर्ष चैन होती. सिंहगड पायथ्यापासून तोंड मिटून चढायचो. मग कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. आधी डावी नाकपुडी फक्त रात्री बंद व्हायची, आता दिवसाही. परवा गुंजवण्यातून राजगडला जाताना चोरदरवाजाच्या अलीकडे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे एक काका मला मागे टाकून गेले. मी कातळावर तोंड उघडं टाकून बसलेलो.

घरगुती चाचणी पण केली. जेवायची स्टीलची ताटली फ्रीजमध्ये गार केली, नाकाखाली आडवी धरली आणि श्वास सोडला. उजवीकडे वाफेचा डाग पुरीएवढा, डावीकडे सुपारीएवढा. बायको म्हणाली ताटली घासून ठेव.

ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर आता परगावी गेलेत. दुसऱ्या एकांना दाखवलं. त्यांनी नाकात टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत सांगितलं, 'पडदा परत वाकलाय, परत करून टाकू, पुढच्या आठवड्यात या.' तर प्रश्न असा : काढलेलं हाड परत वाढतं का? आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन केलेलं कुणी आहे का इथे?

वऱ्हाडी_भाऊ | ९ जून, सकाळी ७.०५

सेम टू सेम भाऊ. माझं २०२१ मध्ये नागपूरले झालं. माझी डावी बाजू बंद होती, ती खुली झाली, तं आता उजवी बंद होऊन राहिली. बायको म्हणते तुमचं नाक म्हणजे म्युनिसिपालटीचा रस्ता, एक बाजू खोदून झाली की दुसरी. वाचून राहिलो, कोणी सांगन तं बरं.

मंदा_आत्या | ९ जून, सकाळी ९.३०

घाटवाट, रोज रात्री झोपताना दोन्ही नाकपुड्यांत गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब सोड. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर तपकीर ओढली, पण नाकात तूप चुकलं नाही, शेवटपर्यंत नाक स्वच्छ. आणि अमृतधारेचा वास घ्यायचा. एका मिनिटात नाक मोकळं होतं, करून बघ. ऑपरेशनच्या नादी परत लागू नकोस बाळा.

पावशेर | ९ जून, सकाळी १०.१२

नाकाचं ऑपरेशन म्हणजे शुद्ध धंदा आहे. मेडिक्लेम आहे म्हटलं की सगळ्यांच्या नाकाचं हाड वाढतं. माझ्या ऑफिसात सात जणांनी केलं, सातही जण घोरतात.

डेल्फ्टकर | ९ जून, दुपारी २.५०

पावशेर, घोरणं आणि नाक बंद असणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. पण तुमच्या मुद्द्यात थोडं तथ्य असावं. इथे नेदरलँड्समध्ये माझ्या घरच्या डॉक्टरने आधी तीन महिने मिठाचं पाणी आणि स्प्रे यांवर काढायला लावले, तेव्हा कुठे ईएनटीची चिठ्ठी दिली. तोवर निम्मं बरं झालं होतं. घाटवाट, तुमची ॲलर्जीची तपासणी झाली आहे का? दुर्बीण घालून नाक पाहिलं का कुणी?

घाटवाट | ९ जून, रात्री ९.१५

@डेल्फ्टकर, दुर्बीण नाही, फक्त टॉर्च. ॲलर्जीचं कुणी विचारलंच नाही. सकाळी उठल्यावर आठ-दहा शिंका येतात, पण त्या मला कॉलेजपासून आहेत, त्यामुळे त्या मोजतच नाही.

कानघसेकर | ९ जून, रात्री ११.५५

मी याच विषयातला डॉक्टर आहे, तेवीस वर्षं नाकंच बघतोय. धाग्यावर कुणाचं निदान करणार नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'हाड वाढलं' हा शब्दप्रयोग बाजूला ठेवा. मोठ्या माणसात नाकाचं हाड वाढत वगैरे नाही. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढे कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो आणि मागे खऱ्या हाडाचा. तो वाकडा असतो. बहुतेकांचा थोडाफार वाकडा असतोच आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो. काढलेला तुकडा परत उगवत नाही.

मग नाक परत बंद का होतं? माझ्याकडे असे पेशंट येतात तेव्हा मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : नेमकं कुठे अडतंय? कारण 'नाक बंद' ही तक्रार एक असली तरी अडण्याच्या जागा अनेक.

पहिली शक्यता, पडदा पूर्ण सरळ झालेलाच नसतो. यात दर वेळी सर्जनचा हलगर्जीपणा असतो असं नाही. पडद्याचा वरचा आणि पुढचा काठ, साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी, आम्हाला ठेवावीच लागते. नाकाचा तंबू त्या दोन बांबूंवर उभा असतो. ती पट्टी जास्त कापली तर नाकाची दांडी खचते, खोगिरासारखी बसते. आणि नेमका त्याच पट्टीत वाक असेल तर पंचाईत. शिवाय कूर्चेला आठवण असते. गुंडाळून आलेलं कॅलेंडर भिंतीवर लावलं की खालचं टोक महिनाभर वळत राहतं, पाहिलंय ना? तसंच. टाके, खाचा, आधार देऊन सरळ केलेली कूर्चा काही जणांत हळूहळू जुन्या वळणावर जाते.

दुसरी शक्यता वऱ्हाडी_भाऊंसारखी. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर आतून मांसल कप्पे असतात, टर्बिनेट म्हणतात त्यांना. पडदा वर्षानुवर्षं डावीकडे झुकलेला असेल तर उजवीकडे रिकामी जागा राहते आणि तिथलं टर्बिनेट फुगून ती भरतं. पडदा मध्यावर आणला की त्या फुगलेल्या टर्बिनेटला जागा पुरत नाही. म्हणून डावी उघडली, उजवी मिटली. ऑपरेशनच्या वेळी टर्बिनेटचा विचार केला नसेल तर हे होतं. पण ते अति छाटणंही वाईट. नाक आतून रुंद बोगद्यासारखं होतं आणि तरी पेशंटला श्वास मिळत नाही असंच वाटत राहतं. ती माणसं फार हाल काढतात.

तिसरी जागा सर्वांत जास्त दुर्लक्षित, नाकाची झडप. नाकपुडीतून साधारण सव्वा सेंटिमीटर आत, पडदा आणि बाजूची भिंत यांच्यात जेमतेम १० ते १५ अंशांचा कोन असतो. सगळ्या श्वासमार्गात अरुंद जागा हीच. इथली भिंत लेचीपेची असेल तर जोरात श्वास घेतला की ती आत ओढली जाते. नारळपाणी पिताना जोर लावला की कागदी नळी चपटी होते, तसं. पडदा कितीही सरळ असो, झडप मिटत असेल तर चढावर दम लागणारच. सीटी स्कॅनमध्ये हे बऱ्याचदा दिसत नाही, कारण तेव्हा पेशंट निवांत पडलेला असतो.

चौथी ॲलर्जी. ऑपरेशनने भिंत हलते, भिंतीची सूज नाही हलत. घाटवाट, सकाळच्या ज्या शिंका तुम्ही मोजत नाही, त्या मी पहिल्यांदा मोजतो.

बाकी जखम भरताना पडदा आणि टर्बिनेट एकमेकांना चिकटून आत पूल तयार होणं, पडद्याला भोक पडणं, पॉलिप म्हणजे आतल्या अस्तराचे मऊ फुगे, सायनस, हेही असतं. दुर्बीण घातल्याशिवाय यातलं काही कळत नाही. टॉर्चने नाकाचा दरवाजा दिसतो, माजघर नाही.

आरशासमोर एक करून बघा. बंद बाजूच्या गालावर, नाकाच्या शेजारी बोट ठेवून गाल हलकेच बाहेर ओढा. श्वास एकदम सुटला तर झडपेकडे बोट जातं. ही कॉटलची चाचणी. मात्र गाल ओढला की अनेकांना बरं वाटतं, त्यामुळे यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. आम्ही नंतर आतून बारीक सळीने फक्त झडपेची भिंत उचलून बघतो, ती चाचणी जास्त खरी.

पावशेर | १० जून, सकाळी ८.२०

म्हणजे डॉक्टरसाहेब, ऑपरेशनचा उपयोग नाही हेच मी म्हणत होतो.

कानघसेकर | १० जून, दुपारी १.४०

असं मी म्हटलेलं नाही. यावर दोन बरे अभ्यास आहेत. नेदरलँड्समध्ये २०३ जणांवर झाला, २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. ब्रिटनमध्ये ३७८ जणांवर झाला, २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, काहींना ऑपरेशन, काहींना विनाऑपरेशन उपचार. ऑपरेशनवाल्यांना सरासरीने जास्त आराम पडला. पण सरासरीत तुमच्या ऑफिसातले सात जणही येतात. आणि हे पहिल्या ऑपरेशनबद्दल. दुसऱ्याचं खातं वेगळं.

घोरण्याबद्दल डेल्फ्टकर बरोबर आहेत. घोरण्यात अडथळा बहुधा टाळू, पडजीभ, जिभेच्या मागची जागा इथे असतो. झोपेत श्वास थांबत असेल तर झोपेची चाचणी करा. नुसता पडदा सरळ करून तो आजार जात नाही.

मंदाआत्या, नाक कोरडं पडत असेल तर एखादा थेंब तूप चालेल. रोज भरपूर नको, तेल-तुपाचे कण फुप्फुसात उतरून त्रास झालेले पेशंट असतात. अमृतधारेची गंमत सांगतो. तिच्यात पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल असतं. ते नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं, मेंदूला वाटतं भरपूर हवा आली. हवा मोजली तर आधी होती तेवढीच. वाईट काही नाही, पण रस्ता रुंद झालेला नसतो.

खर्ज | १० जून, संध्याकाळी ६.३०

डॉक्टर, जरा अवांतर. मी गाणं शिकवते, थोडा योगाभ्यासही आहे. आमच्याकडे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणतात, दर काही तासांनी श्वास एका नाकपुडीतून दुसरीत जातो. माझे काही विद्यार्थी दुपारी म्हणतात डावं बंद, संध्याकाळी म्हणतात उजवं. हाही दोष समजायचा का?

कानघसेकर | १० जून, रात्री १०.०५

अजिबात नाही, निरोगी नाकाचं ते कामच आहे. दोन्ही बाजूंची टर्बिनेट आळीपाळीने फुगतात. पाश्चात्त्य वैद्यकात १८९५ मध्ये कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने याची नोंद केली, तुमच्या स्वरोदयवाल्यांना त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. आणि कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी भरते. त्यामुळे बाजू बदलत असेल तर मी सूज शोधतो, एकच बाजू कायम बंद असेल तर रचना.

शिट्टीवाली | ११ जून, सकाळी ११.१०

पडद्याला भोक पडतं हे वर वाचलं म्हणून लिहिते. माझ्या पडद्याला आहे. २००८ मधलं ऑपरेशन. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते, शांत खोलीत जास्त. लग्नानंतर पहिल्या महिन्यात नवरा रात्री उठून कुकर बघून आला होता. खपल्या धरतात, अधूनमधून रक्त येतं. सकाळ-संध्याकाळ सलाइनने धुते आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम लावते, त्यावर चाललंय. दुसऱ्या ऑपरेशनची घाई असणाऱ्यांनी सर्जनला हा धोका स्पष्ट विचारावा. पहिल्या वेळी मी विचारलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

चिंचगूळ | ११ जून, रात्री १२.२०

मला एक विचारायचंय, घाटवाट. नाकात टाकायचे थेंब वापरता का? ते झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनवाले?

विचारतोय कारण मी चार वर्षं वापरले. सर्दी झाली म्हणून आणले, पाच दिवसांनी बंद करायचे हे बाटलीच्या कागदावर होतं, कागद कोण वाचतो. नंतर बाटली संपत आली की छातीत धस्स व्हायचं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक, गाडीत एक, उशीखाली एक. मेव्हण्याच्या लग्नात बाटली घरी राहिली तर मंगलाष्टकं चालू असताना दुकान शोधत फिरलो. कुणी दारूड्याला नावं ठेवली की मी गप्प बसायचो. डॉक्टरांनी सांगितलं की थेंबांमुळेच सूज येते, थेंब उतरले की दुप्पट फुगते, म्हणून परत थेंब. माझा पडदा बऱ्यापैकी सरळ निघाला.

घाटवाट | ११ जून, रात्री १२.५८

चिंचगूळ, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? वर लिहायचं टाळलं होतं. झोपताना दोन्ही बाजूंना दोन-दोन थेंब, गेली दोन वर्षं, रोज. त्या टॉर्चवाल्या डॉक्टरांनाही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

कानघसेकर | १२ जून, सकाळी ७.३०

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. थेंब चालू असताना कुठलाही सर्जन तुमचं नाक नीट पारखू शकणार नाही. एकदम बंद करून रात्रभर तळमळण्यापेक्षा आधी एका नाकपुडीत बंद करा, दुसरी चालू ठेवा, सोबतीला स्टेरॉइडचा स्प्रे. पण हे तुमच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. स्प्रेचा परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे स्प्रेचं तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे वळतं. पडद्यावर मारलात तर औषध वाया आणि वर रक्त येतं. जोरात हुंगू नका, घशात जातं.

नाक धुण्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं, विहिरीचं थेट नको. ते पिऊन काही होत नाही, पण नाकातून अमीबा मेंदूपर्यंत जाण्याचे दुर्मिळ प्रकार घडलेत आणि तो आजार प्राणघातक आहे. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी मीठ. झोंबलं तर प्रमाण चुकलंय.

वऱ्हाडी_भाऊ | १२ जून, सकाळी ८.४५

डॉक्टरसाहेब, थेंबाचं वाचून बायकोनं माझी बाटली लपवून ठेवली. तुमच्यामुळे.

घाटवाट | २ ऑगस्ट, रात्री १०.३०

मंडळी, सात आठवड्यांनी अपडेट. उशीर झाला, पण सांगण्यासारखं आता आहे.

थेंब सुटले. आधी उजवीत चालू ठेवा आणि डावीत बंद करा असं सांगितलं होतं. पहिल्या पाच रात्री खुर्चीत बसून झोपलो. सहाव्या रात्री पहाटे जाग आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं. बायकोने आदल्या रात्री काही दिलं का म्हणून विचारलं. काही दिलं नव्हतं.

मग दुसऱ्या एका ईएनटीकडे गेलो. त्यांनी अर्धा तास दिला. दुर्बीण घातली, स्क्रीनवर मलाही दाखवलं. आतून नाक म्हणजे पावसाळ्यातली ओली गुहा, गुलाबी. पडदा मागे सरळ आहे, जुनं ऑपरेशन तिथे व्यवस्थित झालंय. पुढे वरच्या बाजूला डावीकडे थोडा वाक राहिलाय. आणि डावी झडप अरुंद. त्यांनी कापूस गुंडाळलेली काडी आत घालून भिंत जराशी उचलली आणि म्हणाले, घ्या श्वास. २०१९ चा तोच श्वास, टाळूपर्यंत गार! काडी काढली, बंद. पुन्हा उचलली, चालू. मी त्यांना तीनदा करायला लावलं.

ॲलर्जीच्या तपासणीत दोन्ही हातांवर टोचून बघितलं. घरातल्या धुळीच्या किड्यांचा फोड सगळ्यात मोठा, गाजर गवताचा त्याखालोखाल. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गवत माझ्या बिल्डिंगमागच्या प्लॉटवर कमरेएवढं माजलंय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला, तर एकजण म्हणाले, तुम्ही ट्रेकला जाता तिथे गवत नसतं का? असो. गादी-उशांना बंद खोळी घातल्या, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. स्प्रे योग्य हाताने मारतोय. रात्री नाकाच्या दांडीवर बाहेरून चिकटवायची पट्टी लावतो, ती झडप थोडी ताणून धरते. मुलगी म्हणते बाबा कबड्डीपटू दिसतोस.

आज हिशेब असा : रात्र ऐंशी टक्के बरी. चढ मात्र अजून अडतो, कारण झडप आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत असंच चालू ठेवा, मग ठरवू. करायचंच झालं तर नुसता पडदा परत खरवडायचा नाही, झडपेचा कोन रुंद करायला कूर्चेची पट्टी पाचरीसारखी बसवायची. नाकातली कूर्चा पहिल्या ऑपरेशनात बरीच गेल्यामुळे ती कानातून घ्यावी लागेल, पुरली नाही तर बरगडीतून. पुढच्याच आठवड्यात या म्हणणाऱ्यांकडे गेलो असतो, तर पडदा तिसऱ्यांदा वाकडा निघाला असता बहुतेक.

मेडिक्लेमचं : नवी पॉलिसी घेणार असाल तर अशा कान-नाक-घशाच्या दुखण्यांना बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, आधी वाचा. माझी जुनी आहे.

मंदा_आत्या | ३ ऑगस्ट, सकाळी ९.००

कानाचं हाड काढून नाकात? अरे पण मग कान नाही का वाकडा होणार?

कानघसेकर | ३ ऑगस्ट, दुपारी २.१५

नाही आत्या. कानाच्या आत जी वाटी असते तिच्या तळातून तुकडा घेतात, कड तशीच ठेवतात. टाका कानाच्या मागे. चष्मा पूर्वीसारखाच बसतो.

मंदा_आत्या | ३ ऑगस्ट, दुपारी २.४०

बरं. पण तूप चालू ठेव, एकच थेंब.